वहिनींचं बी.ए.

आमच्या वहिनी अंगणवाडीत मदतनीस आहेत. कागदावर काम काय, तर पोरांना घरून आणणं, खोली झाडणं, खिचडी शिजवणं. पण सेविकाताई मोबाईलवर पोषण ट्रॅकर भरत बसतात तेव्हा पंचवीस पोरांना गाणी, रंग, आकडे कोण शिकवतं? वहिनीच.

अडतिसाव्या वर्षी त्यांनी नाशिकच्या मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं. रविवारी अभ्यासकेंद्र, रात्री भांडी आवरली की पुस्तक. परवा पेपर, आणि नेमकी त्याच दिवशी मीटिंग लागली. रजा मागितली तर उत्तर आलं, "मदतनिसाला डिग्री कशाला हवी?" वहिनी गेल्या पेपरला. एका दिवसाचं मानधन कापलं.

मानधनच हं, पगार नाही म्हणायचं. केंद्राने २०१८ मध्ये मदतनिसाचं मानधन १५०० वरून २२५० केलं, राज्य त्यात आपली भर घालतं. मी इतकी वर्षं 'अंगणवाडीताईंचा मोर्चा' म्हणून चार ओळी छापत आलो. मदतनीस त्यात कधी वेगळी लिहिली नाही. घरात असून!

पुढचा पेपर शुक्रवारी आहे. त्या दिवशी खिचडी कोण टाकणार, ते अजून ठरलेलं नाही.