साथ : महिला मंडळ

परवा कपाट आवरताना १९८७ सालची एक कॅसेट हाती लागली. आमच्या संकेश्वरातील एका भजनी मंडळाची ती. वेष्टनावरचा मजकूर माझ्या हातचा आहे. मी तेव्हा महसूल खात्यात होतो, अक्षर बरे होते, म्हणून ते काम माझ्याकडे आले. मुख्य गायक म्हणून बुवांचे नाव, मग पेटी, पखवाज, झाडून सगळे टाळकरी. शेवटच्या ओळीत : ‘साथ : महिला मंडळ’.

त्या महिला मंडळात माझी थोरली बहीण होती. सीमाभागातील रिवाजाप्रमाणे आम्ही तिला अक्का म्हणत असू. कॅसेटमधले जनाबाईचे दोन अभंग तिने एकटीने गायले आहेत. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी बुवांचा घसा बसला होता आणि खोलीचे भाडे तासावर होते. एरवी मंडळात तिची जागा मागच्या सतरंजीवर, पालुपद झेलण्यापुरती.

भक्तिसंगीतात स्त्रीचा आवाज कुणाला नको होता असे नाही. लता मंगेशकर, माणिक वर्मा, सुमन कल्याणपूर यांच्या गीतांवाचून आपल्या घरांतील सकाळ उजाडत नसे. प्रश्न आवाजाचा नव्हताच. दिंडीत वीणा परंपरेने पुरुषाच्या गळ्यात आणि तुळशीवृंदावन बाईच्या डोक्यावर. गाणारा पुरुष ‘बुवा’ होतो, तसे गाणाऱ्या बाईला म्हणायला आपल्याकडे शब्दच नाही. ‘साधी माणसं’ या १९६५ च्या चित्रपटातील लोहाराची देवाला घातलेली ती आर्जवी साद आपण सर्वांनी ऐकली आहे. तिचे संगीत लताबाईंचे. श्रेयनामावलीत मात्र ‘आनंदघन’. टोपणनाव त्यांनी स्वतःच घेतले होते हे खरे, पण ऐकणाऱ्याला तो कुणी पुरुषच वाटावा!

गंगूबाई हनगल यांनी हे फार नेमके सांगितले होते. मुसलमान गवई उस्ताद होतो, हिंदू गवई पंडित होतो. केसरबाई, मोगूबाई मात्र बाईच राहतात. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये महात्माजींसमोर स्वागतगीत गायलेल्या मुलींत त्या होत्या. वय जेमतेम अकरा, आणि मनात धास्ती गाण्याची नव्हे, जातीपायी पंगतीत होणाऱ्या अपमानाची. त्यांच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांवर नाव छापले ते ‘गांधारी’. २००२ साली पद्मविभूषण मिळाले, तरी आपल्या बोलण्यात त्या गंगूबाईच राहिल्या. त्याच धारवाडकडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांनी अक्कमहादेवीचे वचन गायले आणि ते ऐकून आपण भारावलो. पुरुषाने बाईचे शब्द गाण्यात कुणाला वावगे वाटले नाही; वाटण्याचे कारणही नाही. सोयराबाईचा अभंग किशोरी आमोणकरांनी घरोघर पोहोचवला. पण सोयराबाईची नाममुद्रा पाहावी. तिथे ती स्वतःची ओळख चोखोबांची बायको म्हणूनच देते. जनी आपल्याला नामदेवाची दासी म्हणवते. विनय म्हणून आपण त्याचे कौतुक करतो. मीही करीत असे.

कॅसेट छापून आली तेव्हा मी एक प्रत अक्काकडे नेऊन दिली. तिने चष्मा लावून वेष्टन दोन्ही बाजूंनी वाचले आणि म्हणाली, “अक्षर झकास आलंय रे तुझं.” मग चहा टाकायला उठली. मंडळाने मला तसे लिहायला सांगितले नव्हते. त्यांनी नुसती यादी दिली होती, आणि यादीत नसलेले नाव घालण्याचे मला सुचले नाही. कचेरीत सातबाऱ्यावरचे एक नाव राहिले तर मी तलाठ्याला फैलावर घेत असे.

अक्का जाऊन आता बरीच वर्षे झाली. तिच्या नातवाने ती फीत संगणकावर उतरवून घेतली. आवाज थोडा खरखरतो, पण शब्द स्वच्छ आहेत. गायिकेचे नाव घालायचे म्हणून त्याने मला फोन केला. मी अक्काचे नाव सांगितले. “पुढं काय लावू, आजोबा? माहेरचं की सासरचं?” त्याने विचारले. मला पटकन उत्तर देता आले नाही.