न बघता लिहिलेलं

आज जरा लांबची गोष्ट सांगतो. शेवटी आपल्याच दारात येते.

१९९४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनला बिल टी. जोन्स यांचा ‘स्टिल/हिअर’ हा नृत्यप्रयोग लागला होता. जोन्स कृष्णवर्णीय, समलिंगी आणि एचआयव्हीबाधित. यातलं काहीच त्यांनी लपवलं नाही. आर्नी झेन हा त्यांचा आयुष्याचा आणि रंगमंचावरचा जोडीदार. दोघांनी १९८२ ला नृत्यसंस्था काढली. १९८८ ला आर्नी एड्सनं गेला.

मग जोन्स गावोगाव फिरले. कॅन्सरचे, एड्सचे रुग्ण गोळा केले. ज्यांना नाच येत नाही अशी साधी माणसं. त्यांना म्हणाले, तुमचं आयुष्य चालून दाखवा, अगदी शेवटच्या क्षणापर्यंत. त्या हालचालींतून आणि शब्दांतून नृत्य बसवलं. मंचावर त्यांच्या संस्थेचे नर्तक, पडद्यावर त्या रुग्णांचे चेहरे. उरलेला वेळ अंगात कसा वावरतो, हे दाखवणारं काम.

‘द न्यूयॉर्कर’च्या नामवंत समीक्षक आर्लीन क्रोचे यांनी त्यावर मोठा टीकालेख लिहिला. प्रयोग न बघता! आणि त्याची समीक्षा करायचा विचार नाही, हेही त्यात सांगून टाकलं. केवढा वाद झाला.

वाचून मी हसणार होतो. हसू आलं नाही.

२००४ ला मी नवाच होतो. नाक्यावर ऐकलं आणि बातमी ठोकली, ‘एड्सग्रस्ताचा मृत्यू, गावात घबराट’. नावासकट. घरी गेलो नाही, कुणाला विचारलं नाही. घबराट तर नव्हतीच. ती बातमी छापून आल्यावर झाली. दहाव्याला माणसं आली नाहीत.

पंधरा दिवसांनी त्याची आई भेटली. रागावली नाही. एवढंच म्हणाली, “दादा, घरी आला असतास तर सांगितलं असतं. शाळेच्या पोरांना लेझीम त्यानंच शिकवलं. आजारी पडल्यावर पण ओट्यावर बसून हातानं ताल दाखवायचा.”

ती बातमी होती. माझ्याकडून राहिली.

क्रोचेबाईंनी निदान बघितलं नाही हे कबूल तरी केलं होतं. मी तेही केलं नव्हतं. आज वीस वर्षांनी करतोय. माउली आता नाहीत.

हल्ली न बघितलेल्या सिनेमावर, न भेटलेल्या माणसावर आपण सगळेच दोन मिनिटांत निकाल देतो. कमेंट टाकायच्या आधी एकदा त्या ओट्यापर्यंत जाऊन या, एवढंच म्हणणं आहे.