कांद्याने वसवलेला बाजार

सिएटलचा पाईक प्लेस मार्केट कांद्याच्या भावावरून जन्माला आला. मी लासलगावच्या पंचक्रोशीत वाढलेली. हे कळलं तेव्हापासून हे शहर मला जरा कमी परकं वाटू लागलं. आमच्या घरी कांद्याचा भाव सकाळच्या चहाबरोबर निघायचा आणि रात्री अंथरुणं पडेपर्यंत संपायचा नाही. इथे, या ढगाळ बंदराच्या गावात, १९०६ ते १९०७ या वर्षभरात कांदा दहापट महागला. माणसं चिडली. ती वाढीव रक्कम शेतकऱ्याच्या खिशात गेली असती तर एक वेळ चाललं असतं, पण तिथेही ती पोचत नव्हती. शेतकरी आपला माल वेस्टर्न अ‍ॅव्हेन्यूवरच्या अडत्यांकडे टाकून जायचा. विकला गेला तर अडत कापून पैसे, भाव पडला तर त्याहून कमी, आणि माल सडला असं अडत्याने सांगितलं तर रिकाम्या हाताने घरी. निफाड तालुक्यात ही गोष्ट कुणालाही समजावून सांगावी लागणार नाही.

थॉमस रेव्हेल नावाच्या नगरसेवकाने त्यावर उपाय सुचवला. शेतकऱ्याने गाडी सरळ शहरात आणावी, ठरलेल्या रस्त्यावर उभी करावी आणि गिऱ्हाइकाला स्वतःच्या हाताने माल विकावा. १७ ऑगस्ट १९०७ च्या शनिवारी जेमतेम आठ-दहा गाड्या आल्या आणि त्यांच्याभोवती हजारोंची झुंबड उडाली. दुपारच्या आत सगळ्या गाड्या रिकाम्या झाल्या. नोव्हेंबर संपायच्या आत तिथे पहिली छपराची इमारत उभी राहिली. तेव्हापासून आजवर बाजाराचं ब्रीद एकच आहे : पिकवणाऱ्याला भेटा.

रेडमंड आणि बेलव्ह्यू ही सिएटलची सरोवरापलीकडची उपनगरं सॉफ्टवेअर कंपन्यांमुळे मराठी घरांनी भरलेली आहेत. उन्हाळा लागला की मुलांकडे आईवडील येतात. त्यांना स्पेस नीडल दाखवतात, माउंट रेनियरचा बर्फ दाखवतात आणि शनिवार-रविवारी आउटलेट मॉलमध्ये फिरवतात. पाईक प्लेसलाही नेतात, पण तासाभरासाठी, भर दुपारी, गर्दीच्या लोंढ्यात. उडणारा मासा पाहिला, स्टारबक्सच्या दारात फोटो काढला, चघळलेले च्युइंगम चिकटवलेली भिंत बघून नाक मुरडलं की झाला बाजार. मला मनापासून वाटतं की या बाजाराला एक आख्खी सकाळ द्यावी. आठवड्याच्या मधल्या दिवशी जावं, नऊच्या आसपास पोचावं आणि बाजार लागताना बघावा.

त्या वेळी तिथे हजेरी चालू असते. हाताने वस्तू बनवणारे कारागीर जमतात, ज्येष्ठतेच्या यादीप्रमाणे नावं पुकारली जातात आणि आपली पाळी आली की जो तो त्या दिवसापुरती बसायची जागा निवडतो. चामड्याची पाकिटं, लाकडी चमचे, चिनी मातीचे पेले, हाताने छापलेली चित्रं. ज्याने वस्तू बनवली त्यानेच ती विकायची, दुकान भरण्यासाठी बाहेरून माल आणायचा नाही, असा नियम आहे. शेतकऱ्यांच्या ओट्यांनाही हाच नियम : स्वतः पिकवलंय तेच मांडायचं. बाराही महिने सगळी फळं-भाजी ठेवणारे आणि घाऊक माल आणून विकणारे वेगळे गाळेही आहेत, पण त्यांची रांग निराळी. साखळी दुकानांना इथे थारा नाही. स्टारबक्स दिसतं ते याच शहरात, १९७१ साली, इथून हाकेच्या अंतरावर वेस्टर्न अ‍ॅव्हेन्यूवर सुरू झालं म्हणून. काही वर्षांनी ते आजच्या जागेत आलं.

मी सगळ्यात जास्त वेळ रेंगाळते ती फुलवाल्यांच्या रांगेत. यातले बहुतेक जण हमोंग आहेत. व्हिएतनामच्या युद्धानंतर लाओसमधून निर्वासित होऊन आलेली ही डोंगराळ भागातली शेतकरी माणसं. सिएटलबाहेरच्या खोऱ्यांत त्यांनी तुकड्या-तुकड्याने जमीन कसायला घेतली आणि फुलं लावली. एप्रिलमध्ये ट्यूलिप, मे-जूनमध्ये पिओनी, ऑगस्टपासून थंडी पडेपर्यंत डेलिया. तिथल्या एका आजींचे हात बघत राहावेत असे आहेत. समोर पाण्याच्या बादल्यांत फुलं रंगवार लावलेली. त्या न बघता एकेक दांडा उचलतात, मधोमध तांबडा डेलिया, कडेने पिवळे, मग हिरवी पानं, बाहेरून बारीक पांढरी फुलं. गुच्छ एका हातात फिरत असतो आणि दुसऱ्या हातातली कात्री दांड्यांची टोकं एका रेषेत आणते. पांढऱ्या कागदाचा एक वेढा, रबर, आणि गुच्छ तयार. शेजारी नात हिशेब सांभाळते. आजींना इंग्रजी फार येत नाही, पण कालची फुलं कुठली आणि आज पहाटेची कुठली हे त्या बोटाने दाखवतात आणि पहाटेचीच देतात.

या रांगेआधी इथे दुसऱ्या एका समाजाची रांग होती. दुसऱ्या महायुद्धापूर्वी बाजारातले बहुसंख्य शेतकरी जपानी वंशाचे होते. १९२१ च्या कायद्याने वॉशिंग्टन राज्यात जपानहून आलेल्या पिढीला जमीन विकत घ्यायची बंदी झाली होती, भाडेपट्ट्याने कसणंही अवघड करून ठेवलं होतं. तरी त्यांनी भाजी पिकवली, ओटे चालवले, मुलं शिकवली. फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ९०६६ वर सही केली आणि पश्चिम किनाऱ्यावरून सुमारे १,२०,००० जपानी वंशाची माणसं उचलून छावण्यांत नेण्यात आली. त्यातले बरेचसे जन्माने अमेरिकन होते. सिएटलच्या लोकांना आधी पुयालपच्या जत्रेच्या मैदानात ठेवलं, मग आयडाहोमधल्या मिनिडोका छावणीत. बाजारातले ओटेच्या ओटे ओस पडले. युद्ध संपल्यावर फार थोडे परतले. आज प्रवेशद्वाराच्या वरच्या बाजूला आकी सोगाबे या चित्रकर्तीची पाच चित्रं लावलेली आहेत, कागद कापून केल्यासारख्या शैलीतली, त्या शेतकऱ्यांच्या स्मरणार्थ. खालून हजारो माणसं जातात, फारच थोडी मान वर करतात. पाहुण्यांना मी आधी तिथे उभं करते. दुसऱ्या देशात येऊन घाम गाळणाऱ्याचं सगळं एका सहीने कसं जाऊ शकतं, हे आपण परदेशी वसलेल्या माणसांनी तर माहीत ठेवायलाच हवं.

युद्धानंतर बाजाराला उतरती कळा लागली. उपनगरं वाढली, घरोघरी फ्रिज आले, सुपरमार्केट आली. १९६३ मध्ये बाजार पाडून तिथे हॉटेल, कचेऱ्या आणि मोठं वाहनतळ उभारायची योजना पुढे आली. शहरातले वजनदार लोक तिच्या बाजूने होते. विरोधात उभे राहिले ते व्हिक्टर स्टाइनब्रूक. हे वास्तुकलेचे प्राध्यापक, स्पेस नीडलच्या रचनेतही त्यांचा वाटा होता. ज्या माणसाने शहराला त्याची सगळ्यात आधुनिक खूण मिळवून द्यायला मदत केली, तोच माणूस जुन्या लाकडी ओट्यांसाठी रस्त्यावर उतरला. त्यांनी बाजाराची चित्रं काढली, १९६४ पासून ‘फ्रेंड्स ऑफ द मार्केट’च्या झेंड्याखाली माणसं गोळा केली, सह्यांची मोहीम चालवली. २ नोव्हेंबर १९७१ रोजी प्रश्न मतपेटीत गेला आणि सिएटलकरांनी बाजार राखायच्या बाजूने कौल दिला. सात एकरांचा ऐतिहासिक विभाग ठरला. १९७३ मध्ये बाजार चालवण्यासाठी सार्वजनिक प्राधिकरण स्थापन झालं. भिंती राखायच्याच, पण आत कुठला धंदा चालावा यावरही लक्ष ठेवायचं, अशी ही व्यवस्था. मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. इमारत जपून आत महागडी दुकानं थाटणं सोपं असतं. पिकवणारा आणि बनवणारा आत टिकेल असं बघणं हे रोजचं, चिकाटीचं काम आहे.

बाजाराच्या वरच्या मजल्यांवर आणि आजूबाजूच्या इमारतींत सुमारे ५०० माणसं राहतात. त्यांत बरेच जण वयस्कर आणि तुटपुंज्या उत्पन्नाचे. बाजारातच दवाखाना आहे, पाळणाघर आहे, ज्येष्ठांचं केंद्र आहे, गरजूंना शिधा देणारी जागा आहे. मुख्य चौकात रेचेल नावाची काशाची डुकरीण उभी आहे, जवळजवळ २५० किलो वजनाची. शिल्पकार जॉर्जिया गर्बर यांनी घडवलेली ही डुकरीण १९८६ पासून बाजाराचा गल्ला आहे. मुलं तिच्या पाठीवर बसून फोटो काढतात. पाठीवरच्या फटीतून जे पैसे आत पडतात ते याच सेवांना जातात. पाहुण्यांना हे सांगितलं की नोटा आपोआप निघतात.

आता खरेदीचं. मासेवाल्यांचा एक गाळा जगभर ठाऊक आहे. गिऱ्हाइकाने मासा निवडला की पुढचा माणूस आरोळी ठोकतो, मागचे सगळे ती एका सुरात परत देतात आणि पाच-सात किलोंचा सामन हवेतून गल्ल्यामागच्या माणसाच्या हातात जातो. प्रत्येक माशासाठी ओट्याला वळसा घालायला नको म्हणून ही फेकाफेक सुरू झाली. सारस्वत-कोळी घरातल्या पाहुण्यांनी डंजनेस खेकडा जरूर घ्यावा. याच राज्यातल्या एका किनारी गावाचं नाव त्याला मिळालंय आणि त्याचं मांस गोडसर, भरपूर असतं. आमच्याकडे मालवणहून आलेल्या एका काकूंनी त्याला तिरफळ घालून जे केलं होतं, त्याच्या चवीची आठवण अजून आमच्या घरात निघते. जून-जुलैत पिवळ्या-गुलाबी रेनियर चेरी येतात. विक्रेता सुरीने पीचची फोड कापून हातावर ठेवतो, ती संकोच न करता घ्यावी. मात्र घासाघीस करू नये. इथे तशी पद्धत नाही, आणि समोरचा माणूस पहाटेपासून गाडी चालवत आलेला असतो.

आणि कांदा. राज्याच्या आग्नेय कोपऱ्यातल्या वाला वाला गावचा गोड कांदा जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत मिळतो. कॉर्सिका बेटावरून त्याचं बी एका फ्रेंच सैनिकाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणलं आणि शेजारच्या इटालियन शेतकऱ्यांनी ते निवडून-निवडून सुधारलं. कांदा चांगला मोठा, पातळ सालीचा, पाणीदार. गंधक कमी म्हणून डोळ्यांत पाणी येत नाही, आणि त्याच कारणाने फार दिवस टिकतही नाही. तो साठवणीच्या चाळीत ठेवता येत नाही. आणला की खायचा. पिठलं-भाकरीबरोबर मुठीने फोडलेल्या आपल्या कांद्याचा ठसका याला नाही, पण काकडीच्या कोशिंबिरीत तो बहार आणतो.

सिएटलला यायला जमणार नसेल, तर आपली माणसं जिथे असतील तिथल्या जुन्या बाजाराची, दुकानांची चौकशी करावी. फिलाडेल्फियाचा रीडिंग टर्मिनल मार्केट १८९३ चा, रेल्वेच्या फलाटांखाली वसलेला. वरच्या गाड्या बंद झाल्या, खालचा बाजार चालू आहे. तिथे पेनसिल्व्हेनिया डच शेतकरी घरचं लोणी, लोणची, पाई विकतात आणि रविवारी गाळे बंद ठेवतात, त्यामुळे जायचं तर शनिवारपर्यंत. क्लीव्हलंडच्या वेस्ट साइड मार्केटची घड्याळाचा मनोरा असलेली इमारत १९१२ ची, आत पूर्व युरोपातून आलेल्यांच्या खाद्यपदार्थांची रेलचेल. पोर्टलंडचं पॉवेल्स हे पुस्तकांचं दुकान शहराचा एक आख्खा ब्लॉक व्यापून बसलंय आणि तिथे नवी-जुनी पुस्तकं एकाच फळीवर शेजारी-शेजारी असतात. न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवरचं कलुस्त्यान्स हे मसाल्यांचं दुकान १९४४ मध्ये एका आर्मेनियन माणसाने सुरू केलं. ज्या इमारतीत आज हिंग आणि जायपत्री मिळते, तिथेच १८८१ मध्ये चेस्टर आर्थर यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली होती. शिकागोच्या डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर १९७४ मध्ये पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान निघालं. अमेरिकेतल्या मराठी स्वयंपाकघरांना तूरडाळ आणि पोहे मिळू लागले त्यात अशा दुकानांचा मोठा वाटा आहे.

मॉल सगळीकडे तोच असतो, त्याला गाव नसतं. जुन्या बाजारात त्या मातीत काय पिकतं, तिथे कोण कुठून आलं, कुणाला हाकललं गेलं आणि कोण टिकलं, हे सगळं ओट्यांवर मांडलेलं असतं. म्हणून पाहुण्यांना माझं सांगणं असतं की फोटोच्या आधी एखाद्या शेतकऱ्याकडून काहीतरी विकत घ्या, आणि तुमचं शेत कुठे आहे असं त्याला विचारा. इथले शेतकरी या प्रश्नाने खुलतात. कुणी पावसाचं सांगतो, कुणी मजुरांचं, कुणी मुलगा शेतीत यायला तयार नाही म्हणून हळहळतो. आमच्या गावच्या पारावर याच गप्पा असतात.

परत जाणाऱ्यांच्या मनात एक गोष्ट राहावी असं मला वाटतं. आपल्याकडेही शेतकरी आठवडे बाजार भरू लागले आहेत, शहरांत जुन्या मंडया अजून उभ्या आहेत. त्यांना हक्काची जागा, डोक्यावर छप्पर आणि पिकवणाऱ्याला आधी मान देणारे नियम हवेत. हे सिएटलला आपसूक मिळालं नाही. एका नगरसेवकाने ते सुचवलं, एका प्राध्यापकाने त्यासाठी सह्या गोळा केल्या आणि साध्या नागरिकांनी मतदानाला जाऊन ते राखलं. या तिघांसारखी माणसं आपल्या प्रत्येक गावात आहेत. आपल्या मंडईवर बुलडोझर फिरवायचा ठराव येईल, तेव्हा त्यांनी सभागृहात आणि रस्त्यावर हजर असलं पाहिजे.