उसाचं कॅलेंडर आणि चळवळीचं कॅलेंडर



दिवाळीनंतर आमचं काहीच लिहून झालं नाही म्हणून अनेकांनी विचारलं, कुठे आहात, काय वाचताय, काय ऐकताय? तर आधी खुशाली. आम्ही तिघंही बरे आहोत. पाथर्डीकडच्या कोरड्या थंडीने ओठ फुटलेत, मोटारसायकलची क्लचवायर दोनदा तुटली, आणि विहारातली अभ्यासिका जवळजवळ रिकामी आहे. दसऱ्याला तिथे २३ मुलं बसत होती. दिवाळी झाली, टोळ्या हलल्या, आता सात उरलीत. त्यातली तिघं आजीजवळ ठेवलेली.

हिवाळा म्हटलं की शहरातल्या लोकांना हुरडा आठवतो. आपला हिवाळा तारखांचा असतो. २६ नोव्हेंबरला संविधान दिन, २८ ला महात्मा फुले स्मृतिदिन, मग ६ डिसेंबर, २५ ला मनुस्मृती दहन, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, ३ ला सावित्रीमाईंची जयंती, ७ फेब्रुवारीला रमाईंची. आपल्या निम्म्या सभा, रॅल्या आणि व्याख्यानं याच दिवसांत होतात. आणि साखर कारखान्यांचा हंगामही याच दिवसांत चालतो! ज्यांच्या नावाने आपण माईकवरून गळे काढतो, ती माणसं तेव्हा कुठल्या तरी थळात पाचट तुडवत असतात. ही दोन कॅलेंडरं एकावर एक ठेवून कधी पाहिलीत का? आम्ही दहा वर्षं स्वतःला कार्यकर्ते म्हणवतो, आम्ही यंदाच पाहिली. तीही एका मुलीमुळे.

ही मुलगी आमच्या अभ्यासिकेतली, नववीतली. गणितात वस्तीत तिचा हात कोणी धरणार नाही. थोरल्या बहिणीच्या लग्नासाठी बापाने मुकादमाकडून उचल घेतलेली. आईबाप मिळून एक कोयता. धाकटा भाऊ दोन वर्षांचा, त्याला सांभाळायला आणि भाकरी थापायला ही. आम्ही समजावायला गेलो. शिक्षणाचा हक्क, बालविवाहाचा धोका, बाबासाहेबांचा संदेश, सगळं बोलून झालं. तिचे वडील शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "सर, पोरीला ठेवतो. उचल तुम्ही फेडता का?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. हंगामी वसतिगृहासाठी आम्ही धावपळ केली, पण एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात कागद पोचेपर्यंत टोळी निघून गेली होती.

समाजशास्त्राच्या एम.ए.ला आम्ही स्थलांतराचे सिद्धांत पाठ केले होते. माणसाला गावातून ढकलणारे घटक, शहराकडे ओढणारे घटक. पेपरात मार्क बरे पडले. त्यात उचल हा शब्द कुठेच नव्हता.

६ डिसेंबरला दादरला गेलो. खरं सांगायचं तर चैत्यभूमीवरून मागच्या वर्षी आणलेली तीन पुस्तकं अजून प्लास्टिकच्या वेष्टनातच आहेत. पुस्तक विकत घेणं हेच वाचणं, असा एक आजार आपल्यात पसरलाय आणि आम्हीही त्यातून सुटलेलो नाही. म्हणून यंदा ठरवलं, मोजकीच घ्यायची आणि घरी न्यायची नाहीत. दया पवारांचं 'बलुतं' घेतलं. १९७८ सालचं हे पुस्तक, लिहिणारा आपल्याच अकोले तालुक्यातल्या धामणगावचा. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' घेतलं, चळवळीतल्या बायकांचा शोध घेणारं. बेबी कांबळेंचं 'जिणं आमुचं' घेतलं. एक पत्र्याची पेटी होती, त्यात भरली आणि १६ डिसेंबरला श्रीरामपूरकडे निघालो.

तारीख मुद्दाम निवडली होती. १६ डिसेंबर १९३९ ला बाबासाहेब श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावात आले होते, महार वतनदारांच्या परिषदेला. वतनी जमिनींवरच्या वाढीव साऱ्याविरुद्ध ती परिषद होती. त्याआधी १९२८ सालीच त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं होतं. त्यांचं म्हणणं काय होतं? जमिनीच्या एका तुकड्यापायी अख्खं कुटुंब रात्रंदिवस राबायला बांधलं जातं. आता ही ओळ उचलीला लावून पाहा. वतन जन्माने गळ्यात पडायचं, उचल अंगठ्याने पडते, एवढाच फरक. वतनं कायद्याने गेली. याच हरेगावात २०२३ च्या ऑगस्टमध्ये शेळी आणि कबुतरं चोरल्याच्या संशयावरून दलित तरुणांना झाडाला उलटं टांगून मारलं. आम्ही तिथे थोडा वेळ थांबलो. त्यावर वेगळं लिहायचं आहे, आत्ता लिहवत नाही.

मुलीची टोळी तिथून जवळच उतरली होती. कोप्यांवर पोचलो तेव्हा अंधार पडला होता. बायका फडातून आल्या आल्या चुलीला लागल्या होत्या. पुरुष वाढ्याच्या पेंढ्यांवर टेकलेले. रात्रीत कधीही गाडी भरायला हाक येते, म्हणून भाकरी आणि झोप यांच्या मधला तेवढाच अर्धा तास आमचा.

वाचलं काय? मुक्ता साळवेचा निबंध. फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेतली ही मांग समाजाची मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत छापून आला. आणि 'ज्ञानोदय' सुरू कुठे झालं? १८४२ साली, आपल्या नगरात! सावित्रीमाईंनी अध्यापनाचं प्रशिक्षण घेतलं तेही नगरला, मिस फरार यांच्याकडे. नगरची ओळख सांगताना लोक भुईकोट किल्ला आणि नेहरूंचं पुस्तक सांगतात. हे कोणी सांगतं का? तो निबंध अजून वाचला नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून तो वाचा. चार-पाच पानंच आहेत.

वाचून झाल्यावर मुलीने विचारलं, "ती केवढी होती?"

"चौदा वर्षांची."

"मग माझ्याएवढीच की." एवढंच बोलून ती भावाला झोपवायला आत गेली. एका गड्याने मात्र जांभई देत विचारलं, "दादा, मुकादमावर एखादं पुस्तक हाय का?" सगळे हसले. आमच्या पेटीत नव्हतं.

आता गाण्यांचं. कोपीवर मोबाईल होता, मेमरी कार्डात शिंदे घराण्याची भीमगीतं आणि कडूबाई खरात. एकतारीवर गाणारी ही बाई ज्यांनी फक्त रीलमध्ये ऐकली असेल त्यांनी सलग तासभर ऐकावी. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या जात्यावरच्या ओव्या 'पारी'च्या संग्रहात आहेत, त्याही ऐका. माजलगाव बीडचं, म्हणजे ऊसतोडीच्या मुलखातलंच. आणि वामनदादा कर्डक तर आहेतच. सिन्नरजवळच्या देशवंडीचा हा माणूस. मुंबईत कोणीतरी पत्र वाचायला दिलं, वाचता आलं नाही, त्या अपमानाने तरुणपणी अक्षरं शिकला आणि मग हजारो गाणी लिहिली. हे सांगितलं तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "म्हंजी आमाला बी टाइम हाय अजून."

डिसेंबरात पुण्यात सवाई गंधर्व असतो, चेन्नईत मार्गळी महिन्याच्या मैफली असतात. तिथे पा. रंजित यांच्या नीलम संस्थेने २०२० पासून त्याच महिन्यात 'मार्गळीयिल मक्कळिसै' सुरू केलं, परई आणि गाना गाणाऱ्या आपल्या माणसांचा उत्सव. तमिळ कळत नसलं तरी ऐका. आपल्याकडे जलशांची एवढी परंपरा असताना आपला हिवाळी उत्सव म्हणजे भाड्याचा डीजे का, हे भांडण आम्ही आमच्याच मंडळात सुरू केलंय. पोरांनी नाचू नये असं आमचं म्हणणं नाही. पण वामनदादांचे शब्द त्या धडधडीत ऐकूच येत नसतील तर आपण नक्की कशावर नाचतोय?

त्यानंतर दोनदा जाऊन आलो. टोळीने थळ बदललं, पेटी बैलगाडीतून पुढे गेली. 'बलुतं' सध्या शेजारच्या टोळीतल्या कोणाकडे तरी आहे, पत्ता लागलेला नाही. मागच्या खेपेला निघताना मुलगी गाडीपर्यंत आली. आम्हाला वाटलं, आता फुल्यांचं काही मागेल. तिने नववीचं गणिताचं पुस्तक आणि सेल घातलेली एक बॅटरी मागितली. रात्री चुलीच्या उजेडात आकडे दिसत नाहीत म्हणाली. तीन खेपा झाल्या, पाठ्यपुस्तक न्यायचं आम्हाला एकदाही सुचलं नव्हतं.

रमाई जयंतीच्या आदल्या दिवशी परत जातोय. नववीची, दहावीची जुनी पुस्तकं, बॅटऱ्या, वह्या ज्यांच्याकडे असतील त्यांनी ५ फेब्रुवारीपर्यंत विहारात आणून द्या. हार-तुरे नकोत.