डी.एड. की बी.एड.? आधी शाळेत तर बसू द्या!

परवा भाचीचा भोकरदनहून फोन आला. "मामा, बारावी झाली. डी.एड. करू का पदवी घेऊन बी.एड.?" वीस वर्षांपूर्वी उत्तर सोपं होतं : डी.एड. कर अन् झेडपीत लाग. आज तसं छातीठोक सांगवत नाही.

मी दोन्ही केलंय. डी.एड.नं फळ्यावर सरळ लिहायला, पाठ टाचण काढायला शिकवलं. नोकरीत असताना मुक्त विद्यापीठाचं बी.एड. केलं, तेव्हा मूल कसं शिकतं हे वाचायला मिळालं. पण खरा मास्तर झालो तो शिक्षणसेवक असताना, तीन हजार मानधनावर, मंठा तालुक्यातल्या द्विशिक्षकी शाळेत. दिवाळीनंतर निम्मी पोरं आईबापांमागं ऊसतोडीला जायची. परत आलेल्या पोराला पुसट झालेली अक्षरं पुन्हा कशी ओळखीची करायची, हे शेजारच्या वर्गातल्या बाईंनी दाखवलं. ना डी.एड.नं, ना बी.एड.नं.

नियमानं दोन्ही अभ्यासक्रमांत किमान वीस आठवडे शाळेत काढायचे असतात. कागद चोख आहे. प्रत्यक्षात आमच्याकडं आलेले काही छात्राध्यापक फोटो काढून, सह्या घेऊन दुपारीच निघाले. पोरांचा दोष नाही. त्यांना थांबा म्हणणारंच कुणी नव्हतं.

११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, पहिली ते पाचवीला बी.एड. चालणार नाही. लहान मुलांना शिकवणं हे वेगळं कसब आहे, हे मान्य झालं, बरं वाटलं. आता नवं शैक्षणिक धोरण म्हणतं, २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. हीच किमान पात्रता. विद्यापीठाचा दर्जा मिळेल, चांगलंच आहे. पण तालुक्याची पोरगी चार वर्षं शहरात ठेवायला कोणत्या कोरडवाहू शेतकऱ्याला परवडेल? अन् त्या चार वर्षांत झेडपीची शाळा तिला किती दिवस दिसेल?

माझं म्हणणं एवढंच : त्यातलं एक पूर्ण वर्ष, जून ते एप्रिल, एकाच झेडपी शाळेत द्या. विद्यार्थ्याला मानधन द्या. शिकवणाऱ्या जुन्या शिक्षकाची ऑनलाइन कामं तेवढी कमी करा.

भाचीला म्हटलं, "आधी आठ दिवस माझ्या वर्गात येऊन बस. मग ठरव." सोमवारी येतेय.

तुमच्या शाळेत छात्राध्यापक येतात का? किती वेळ थांबतात? खरं खरं लिहा.