काकू, मासे तुम्हीच निवडा



गेले दोन महिने आमच्या मोडनिंबच्या घरात दोनशे लिटरची काचेची टाकी आहे. पाण्याने भरलेली, दिवा लावलेली, आणि तिच्यात एकही मासा नाही. पुतण्याने आणली. लहानपणी मुंबईला मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात (१९५१ पासूनचं ते) त्याने समुद्रातले मासे पाहिले, तेव्हापासूनचं वेड. नोकरी लागल्यावर पैसे साठवून त्याने ते पुरं केलं. सासूबाईंनी टाकीला नाही म्हटलं नाही, माशांना म्हटलं. मग त्यानेच तोडगा काढला, "काकू, मासे तुम्हीच निवडा. तुमच्या नियमात बसतील तेच आणू."

मला वाटलं, तासाभराचं काम.

आधी पाणी समजून घेतलं. खारं पाणी म्हणजे स्वयंपाकघरातलं मीठ टाकलेलं पाणी नव्हे. त्याचं वेगळं मीठ मिळतं, समुद्रातले सगळे क्षार असलेलं, आणि ते लिटरला साधारण ३५ ग्रॅम लागतं. आमच्या बोअरचं पाणी एवढं जड, की पातेल्याला पांढरे थर बसतात, म्हणून आरओचं पाणी घ्यावं लागलं. पाण्याची वाफ होते तेव्हा मीठ मागेच राहतं, त्यामुळे रोज उडालेल्या पाण्याइतकं गोडं पाणी वरून घालायचं, नाहीतर खारटपणा चढत जातो. नवीन मासा पिशवीतून थेट टाकीत सोडायचा नाही, टाकीचं पाणी त्याच्या पाण्यात थेंब थेंब मिसळत न्यायचं. हे ऐकून पुतण्याच्या मित्रांना नवल वाटलं, मला नाही वाटलं. पाणी गाळल्यावर गाळण्यातली जिवाणी ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडायची, दुसऱ्या पाण्यात ते जीव मरतात, हे आपल्या आज्या शेंदण्यासोबत शिकवायच्या.

टाकी अजून रिकामी आहे त्याचं एक कारण तेही आहे. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया होतो, आणि तो विषारी. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच अंशी निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू टाकीतल्या दगडांवर बसायला चार ते सहा आठवडे लागतात. काही लोक तोवर स्वस्तातले डॅमसेल मासे आत सोडतात. जगले तर जगले. पुतण्याने मासे न घालता अमोनियाचे थेंब टाकून हे काम केलं, तेव्हा सासूबाई पहिल्यांदा त्याच्या टाकीजवळ जाऊन बसल्या.

आता यादी. नीमो सिनेमातली निळी डोरी, म्हणजे ब्लू टँग. दिसायला सुरेख, पण वाढून फूटभर होते आणि दिवसभर लांब लांब पोहते. दोनशे लिटरमध्ये तिला ठेवणं म्हणजे कोंडणंच. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत पहिलं नाव बंधाचं आहे, हे आपण पाठशाळेत घोकलेलं. मँडरिन मासा, जणू पैठणीचा काठ अंगावर काढलाय. पण तो बहुतेक वेळा पाण्यातले बारीक जिवंत जीवच वेचून खातो, दुकानातलं कोरडं खाणं सहसा तोंडात धरत नाही आणि लहान टाकीत हळूहळू उपासमारीने मरतो. अन्नपाननिरोध हा पाचवा अतिचार. लायनफिशचा विषय दोन मिनिटांत संपला. तोंडात मावेल तो शेजारी गिळतो, आणि हिंस्र प्राणी श्रावकाने पाळू नयेत हे आधीच सांगितलेलं आहे. समुद्रघोडा मला फार आवडला होता. पण २००१ पासून तो आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीत. जिवंत प्रवाळांचंही तेच. कुणी दुकानदार ‘मिळवून देतो’ म्हणाला तर तिथून उठून यायचं.

एका माशाजवळ मात्र मी थांबले. बांगाई कार्डिनल. इंडोनेशियातल्या थोड्याशा बेटांपुरताच राहणारा, चंदेरी, काळ्या पट्ट्यांचा. यातला नर सगळी अंडी स्वतःच्या तोंडात धरतो, पिल्लं सुटी होईपर्यंत तीन-चार आठवडे, आणि त्या काळात काही खात नाही. मासखमण करणारा बाप! सासूबाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "असल्याला कशाला घरातून उठवून आणायचं?" पाळण्याच्या हौसेपायी पकडून पकडून त्याची जात धोक्यात आली आहे, तेव्हा त्यांचं बरोबरच होतं.

मग मी दोनच प्रश्न धरले. हा जन्मला कुठे आणि खातो काय? आणि तिथेच अडकले.

शेवाळ खाणारे मासे आहेत. टँग, रॅबिटफिश, दगडावरचं शेवाळ खरवडणारा ब्लेनी. त्यांना वाळवलेलं समुद्री शेवाळ चालतं, आपल्या मनाला बरं. पण आपल्याकडे मिळणारे जवळजवळ सगळे समुद्रातून धरून आणलेले. परदेशात काही ठिकाणी मासे गुंगवायला प्रवाळात सायनाइड फवारतात, त्यात आजूबाजूचे किती जीव जातात त्याला गणती नाही. हवाईत २०१५ मध्ये पिवळ्या टँगची पिल्लं टाकीत वाढवली खरी, पण तो मासाही मोठ्या टाकीचाच.

उलट क्लाउनफिश, म्हणजे नीमो, माणसाच्या हाताखाली सहज अंडी घालतो. आपल्याकडे ऐरोलीला ठाणे खाडीकाठी कांदळवन प्रतिष्ठानाने अशा शोभेच्या सागरी माशांचं उबवणी केंद्र काढलं आहे. समुद्राला हात न लावता मासा मिळतो. पण त्याच्या खाण्याच्या गोळ्यांत माशांची भुकटी असते. शेवाळाचा अंश जास्त असलेल्या गोळ्या मिळतात, निव्वळ शेवाळावर तो ठेवता येत नाही. म्हणजे शाकाहारी तो धरून आणलेला आणि टाकीत जन्मलेला तो मांसाहारी. मी लायनफिश नाकारला तेव्हा सासूबाई म्हणाल्याच होत्या, "मग हा तरी काय तांदूळ खातो?"

शिवाय क्लाउनफिश सगळे नर म्हणून जन्मतात आणि दोघांतला दांडगा मादी होतो. दोन ठेवले की जोडी, जोडी झाली की दर पंधरा दिवसांनी शेकडो अंडी, आणि त्या पिल्लांना वेगळी टाकी व सूक्ष्म जिवंत खाणं न दिल्यास ती सगळी मरणार. हे विकणारा आपणहून सांगत नाही.

मृगसेन धीवराची कथा तुम्हाला माहीत आहे. जाळ्यात आलेला पहिला मासा सोडायचा, एवढाच नियम त्याने मुनींकडून घेतला आणि एकच मासा पाच वेळा त्याच्या जाळ्यात आला. पुतण्याने विचारलं, मग विकत घेऊन सोडून देऊ? पर्युषणात जीवदया म्हणून काहीजणी मासे सोडतात, म्हणून स्पष्टच लिहिते: खाऱ्या पाण्यातला मासा उजनीत सोडला तर तो वाचत नाही, आणि परदेशी मासा आपल्या समुद्रात सोडला तर तिथल्यांच्या जिवावर उठू शकतो. विकत घेतला की दुकानदार त्या जागी दुसरा आणतोच.

वाट निघाली ती पांजरपोळाची आठवण होऊन. आपण गाय विकत घेऊन पांजरपोळ भरत नाही, टाकलेली, थकलेली जनावरं येतात त्यांना ठेवतो. पुतण्याच्या ओळखीचं पुण्याचं एक कुटुंब परदेशी चाललंय. त्यांच्याकडे टाकीत जन्मलेला सहा वर्षांचा एकटा क्लाउनफिश आहे, जोडीदार मागेच मेला. हा मासा नीट सांभाळला तर पंधरा वर्षंही जगतो, आणि एकटा राहू शकतो. तो घ्यायचा, पैसे द्यायचे नाहीत, दुसरा आणायचा नाही.

खाण्याचा दोष यात मिटत नाही, हे मी सासूबाईंपासून लपवलं नाही. ज्यांच्या पांजरपोळात कुत्री आहेत त्यांनाही तो चुकलेला नाही. त्यांनी दोन अटी घातल्या. गोळ्यांचा डबा स्वयंपाकघरात आणि फ्रिजमध्ये येणार नाही, पुतण्याच्या खोलीतच राहील. आणि आपण शिखरजीला गेलो तर त्याला रोज खायला कोण घालणार, ते आधी ठरवायचं. दुसऱ्या अटीवर पुतण्या गप्प झाला. शेवटी समोरच्या किराणा दुकानदाराच्या मुलाने कबूल केलंय.

सध्या घाई नाही. या माशाला पाणी २५-२६ अंशांचं लागतं आणि आपल्या सोलापूरकडचा मे म्हणजे बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस. त्यात वीज गेली की पंप बंद आणि पाण्यातला प्राणवायू कमी. बॅटरीवरचा हवेचा पंप आणून ठेवलाय. मृग बरसून हवा उतरली की पुतण्या पुण्याला जाईल आणि टाकीतलंच पाणी दोन कॅनमध्ये सोबत नेईल, मासा त्यातच येईल.