भाताचं पाणी

२०२१ साली वर्तमानपत्रात एक फोटो आला होता. अमेरिकेतल्या केंटकीमधलं मोटारशर्यतींचं मैदान, वरून टिपलेलं. तिथे फोर्डच्या नव्याकोऱ्या पिकअप गाड्या ओळींनी उभ्या होत्या. चाकं होती, काचा होत्या, रंगाचा शेवटचा हात देऊन झाला होता. यायची होती फक्त चिप, नखाएवढी. मी तो फोटो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. एवढं सगळं बनवून झाल्यावर एका बारीक तुकड्यासाठी थांबलेली इतकी मोठी रांग मी कधी पाहिली नव्हती.

आमचीही गाडी तेव्हा बुक होती. आईचे गुडघे गेलेले. एसटीची पायरी चढणं तिला जमत नव्हतं आणि माहेरी जायचं तर इंदापूर तालुक्यापर्यंत जायला हवं. दसऱ्याला गाडी मिळेल असं ठरलं होतं. दसरा गेला, दिवाळी गेली, पाडवा आला. शोरूममधला मुलगा सौम्य स्वभावाचा होता. फोन केला की म्हणायचा, “मॅडम, तुमची गाडी लाइनला लागलीय, पण मटेरियल शॉर्ट आहे.” त्याच्याकडेही सांगायला दुसरं काही नव्हतं. मारुतीनं त्या सप्टेंबरात नेहमीच्या चाळीस टक्केच उत्पादन होईल असं जाहीर केलं होतं. जिथे चौकशी करावी तिथे हेच.

रंग आम्ही गडद निळा निवडला होता. रस्त्यावर सगळीकडे पांढऱ्या गाड्या दिसतात, त्यांचा मला कंटाळा येतो. आणि मला बटणं आवडतात, गोल, बोटांत धरून फिरवायची. रस्त्यावरची नजर न हलवता हाताला सापडणारं बटण ही फार चांगली गोष्ट आहे. हल्लीच्या गाडीत मात्र काच वरखाली करणं, आरसा मिटवणं, टायरातली हवा सांगणं, प्रत्येक कामामागे एकेक चिप बसलेली. आजच्या एका गाडीत अशा हजाराहून जास्त चिपा असू शकतात. त्यांतल्या कित्येक अगदी साध्या आणि स्वस्त. एक नसली तरी गाडी कारखान्याबाहेर पडत नाही.

त्या वर्षी मी या रांगेचा माग काढत बसले. २०२० च्या उन्हाळ्यात जग बंद झालं तेव्हा मोटार कंपन्यांनी चिपांच्या ऑर्डरी रद्द केल्या. घरी बसलेल्या जगाला लॅपटॉप हवे होते, चिपांचे कारखाने तिकडे वळले. काही महिन्यांत गाड्यांची मागणी परतली, पण तोवर पुढची जागा दुसऱ्यांनी घेतली होती. एक चिप घडायला तीन-तीन महिने लागतात, मधल्या पायऱ्या शेकड्यांनी. त्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससमध्ये बर्फाचं वादळ आलं आणि तिथले कारखाने थांबले. मार्चमध्ये जपानमधल्या नाका इथे रेनेसास कंपनीच्या कारखान्याला आग लागली. ती जागा पुन्हा उभी करायला मोटार कंपन्यांनी आपली माणसं धाडली. एका वेळी दिवसाला सोळाशेपर्यंत माणसं तिथे राबत होती, आणि महिन्याभरात काम पुन्हा सुरू झालं. ही बातमी मी आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, “घर जळालं की वैरीसुद्धा पाणी घेऊन येतो.”

तैवानची बातमी मात्र मी तिला लगेच सांगितली नाही.

२०२० च्या पावसाळ्यात एकही चक्रीवादळ तैवानच्या किनाऱ्यावर आलं नाही. छप्पन्न वर्षांत असं झालं नव्हतं. तिथली धरणं भरतात ती या वादळांच्या पावसानं. वादळ चुकलं, धरणं खाली गेली. जगातल्या चिपांचा केवढा तरी वाटा या बेटावर बनतो आणि चिप धुवायला अतिशुद्ध पाणी लागतं. टीएसएमसी या एकट्या कंपनीचे कारखाने दिवसाला सुमारे दीड लाख टन पाणी वापरत होते. कंपनीनं टँकर लावले. आणि सरकारनं ७४,००० हेक्टर शेतीचं पाणी बंद केलं. भाताची खाचरं कोरडी राहिली. शेतकऱ्यांना भरपाई दिली गेली. कारखाने चालू राहिले.

ही बातमी वाचली आणि मला मामाच्या गावची चारी आठवली.

मामाचं गाव नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाकडे. कालवा इंग्रजांच्या काळातला, एकोणिसाव्या शतकात वाहता झालेला. वरच्या अंगाला बारामतीचा बागायती पट्टा, आणि पाणी खाली इंदापूरकडे येईतो त्याचा जीव निम्मा झालेला. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथे जायची तेव्हा घरात दोनच गोष्टींची वाट बघितली जाई, पावसाची आणि पाण्याच्या पाळीची. पाटकरी सायकलवरून येऊन सांगून जायचा, अमक्या दिवशी रात्री तुमचं पाणी. रात्री म्हणजे कधीही. दहाला येईल, दोनला येईल, नाहीतर पहाटे येईल. मामा संध्याकाळीच खोरं धुऊन भिंतीला टेकवून ठेवायचा, मामी भाकरी फडक्यात बांधायची. मी हट्ट करून दारं धरायला बरोबर जायची. माझ्याकडे बॅटरी द्यायचे.

चारीच्या काठावर गोणपाट टाकून आम्ही बसायचो. मामा बोलायचा नाही, ऐकायचा. वरच्या बाजूनं पाण्याचा आवाज येण्याआधी बेडकांचा आवाज थांबायचा, असं त्याचं म्हणणं. मला ते कधी कळलं नाही. मला आधी वास यायचा, तापलेल्या मातीवर पाणी पडल्याचा. मग फेस, काटक्या, सुकलेली पानं पुढे ढकलत पाण्याचं तोंड यायचं. चारी आधी स्वतः प्यायची. पाणी भेगांत जायचं आणि वर यायला वेळ घ्यायचं. मामा म्हणायचा, “दम धर पोरी, तिला पिऊ दे, मग ती आपल्याला देईल.” मग तो उठायचा, खोऱ्याचे दोन-चार घाव, आणि पहिलं दारं मोडलं की पाणी उसाच्या सरीत शिरायचं. एक सरी भरली की ते दारं बांधायचं, पुढचं मोडायचं. मी बॅटरी धरून सरीच्या टोकाला उभी. पाणी पोचलं की ओरडायचं. कधी मध्येच धार बारीक व्हायची. मग मामा चारीच्या कडेनं वर चालत जायचा, कुणी दारं फोडलंय का बघायला. भांडणं व्हायची. खोऱ्याच्या दांड्यानं डोकी फुटल्याचं मी ऐकलं होतं. पण उजाडताना बगळे येऊन ओल्या सरींत उतरायचे, आणि तेव्हा मामाच्या चेहऱ्यावर जे असायचं ते मी नंतर फार थोड्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलं.

एका कोरड्या वर्षी कालव्याला पाणी कमी होतं. मामाची पाळी होती. बांधापलीकडच्या नानांची ज्वारी पोटरीत आली होती. पोटरीत ज्वारीला पाणी चुकलं की कणीस भरत नाही. नाना काही मागायला आले नव्हते. मामानं संध्याकाळी खोरं उचललं, बांधावरून चालत गेला आणि नानांच्या हातात दिलं. मामीनं त्या रात्री चूल लवकर विझवली आणि बोलली नाही. उसाचा पाला करपला, वजन घटलं. मी मामाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “पहिलं पाणी माणसाच्या तोंडाला, मग जनावराला, मग दाण्याला. ऊस शेवटाला.”

तैवानात ज्या भागाचं पाणी तोडलं गेलं, त्यात चियानानचा मैदानी प्रदेश होता. तिथलं वूशानथौ धरण आणि कालव्यांचं जाळं योइची हत्ता या जपानी अभियंत्यानं १९२० ते १९३० या दहा वर्षांत उभं केलं. त्याचं खरं मोठेपण मला धरणापेक्षा वाटपात दिसतं. सगळ्यांना पुरेल एवढं पाणी नव्हतं, म्हणून त्यानं जमिनीचे तीन भाग पाडले. एका भागात भात, एकात ऊस, एकात इतर पिकं, आणि तीन वर्षांत प्रत्येकाची पाळी फिरून येणार. त्याच्या बऱ्याच आधी नीरेच्या कालव्यावर विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत आणली होती. कालव्याचं पाणी मोजक्या गावांतल्या उसानं पिऊन टाकू नये, ते जास्त गावांना पुरावं, हा तिचा हेतू. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला हा माणूस आणि तो जपानी, दोघांसमोर सारखाच पेच होता. पाणी थोडं, माणसं फार, आणि ऊस दोन्हीकडे तहानलेला.

हत्ताचा पुतळा वूशानथौला आहे. कामाच्या कपड्यांत, जमिनीवर बसलेला, हात डोक्याला, विचारात. लोकांनी तो १९३१ मध्ये बसवला. युद्धात धातू गोळा करायची मोहीम निघाली तेव्हा लोकांनी तो लपवून ठेवला. ज्यानं आपल्याला पाळी दिली त्या माणसाला शेतकरी असे जपतात. तिथे जाऊन त्या पुतळ्याजवळ बसावं असं मला फार वाटतं, आणि कुणी भाषा समजावून देणारं भेटलं तर विचारावं, त्या वर्षी खाचर कोरडं ठेवून तुम्ही सकाळी उठल्यावर काय करत होता?

कारण आमच्या थांबण्याच्या बातम्या रोज छापून येत होत्या. कुठल्या गाडीला किती महिने, कुठल्या रंगाला किती. ज्यांची पाळी काढून घेतली त्यांच्यावर आमच्या पेपरात मला एकच चौकट सापडली. चिपा रुग्णालयातल्या यंत्रांतही बसतात, त्या बेटाचा संसार त्यांच्यावर चालतो, हे मी समजून आहे. भरपाई मिळाली हेही ठीक. पण मामानं खोरं स्वतःच्या हातानं दिलं होतं. सरकारी आदेशानं कोरडं राहिलेलं शेत आणि मामाचा ऊस मला एका मापानं मोजता येत नाहीत.

गाडी आली. निळीच आली. आईला तिच्यातून माहेरी नेलं. मामा आता नाही. चारी सिमेंटची झाली आहे आणि ती स्वतः पाणी पीत नाही. परतताना भिगवणच्या पुढे मी आईला तैवानची गोष्ट सांगितली. तिनं भाऊ गेल्यानंतर प्रथमच त्याच्या आवाजात ते म्हटलं, पहिलं तोंडाला, मग जनावराला, मग दाण्याला. मी ती यादी पुढे वाढवून बघते. उसानंतर काय येतं, कारखाना की रुग्णालय, आणि मोटार कितवी? रुग्णालयाबद्दल मी भांडणार नाही, ते माणसाच्या तोंडापाशीच बसतं. मोटारीबद्दल मला शंका नाही. ती दाण्याच्या पुढे जाऊ शकत नाही, माझी तर नाहीच. मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, पाणी भाताला द्या, आणि आईला हात देऊन आणखी एक पावसाळा एसटीच्या पायरीवर चढवलं असतं.